स्क्रीनच्या कडेला कापलेली ओळ

स्क्रीनवर मोडलेली ओळ मला खपत नाही. लांब ओळ मावली नाही की उरलेला तुकडा खाली येऊन बसतो, त्याच्याखाली पुढच्या माणसाचं नाव सुरू होतं, आणि चार-पाच नावांनंतर कोणता आकडा कोणाचा हे कळेनासं होतं. लोकांना चालतं. मला नाही चालत. ताटात वरण भाजीला लागलं तरी हा तोंड वाकडं करतो, असं आई आल्या-गेल्याला सांगते, आणि ते खरं आहे. ह्या खोडीचं मी कामाच्या ठिकाणी भरपूर कौतुक करून घेतलं. ह्याच खोडीनं माझ्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न मोडलं, हे मला कळायला मात्र साडेचार वर्षं लागली.

मी सौंसरला एका खाजगी लॅबमध्ये काम करतो. घर पांढुर्ण्याला. सकाळी बसनं जायचं, संध्याकाळी बसनं यायचं. लॅबमध्ये आम्ही तिघं: डॉक्टर, रक्त काढणाऱ्या आणि मशीन चालवणाऱ्या एक ताई, आणि कॉम्प्युटरपाशी मी. बाकी तपासण्या सगळीकडे होतात तशा होतात, पण आमच्याकडे गर्दी असते ती सिकलची. ह्या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, सांधे ठणकतात, मुलं पिवळी पडतात आणि पुष्कळदा वाढायच्या आतच जातात. एकाच बाजूनं दोष आला तर माणूस धडधाकट असतो, त्याला काही होत नाही. त्याला आम्ही कॅरिअर म्हणतो. दोन कॅरिअरांनी लग्न केलं तर पोटची मुलं धोक्यात. आमच्या समाजात पत्रिका कोणी पाहत नाही. विहारात मुलगा-मुलगी एकमेकांना पाहतात, पसंती होते, आणि मग दोन्हीकडची वडील माणसं सिकलचं विचारतात. हे आता इतकं अंगवळणी पडलंय की विचारणाऱ्याला संकोच वाटत नाही.

मशीनला जोडलेल्या कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडायची आणि तिच्यात कमांड टाइप करून निकाल पाहायचे, अशी सोय होती. टर्मिनल म्हणतात तिला. बटणं नाहीत, चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. मशीन प्रत्येक खेपेची एक फाइल बनवायचं आणि फाइलमध्ये माणशी एक ओळ. अनुक्रमांक, नाव, वय, गाव, मग रक्तातल्या निरनिराळ्या हिमोग्लोबिनचे टक्के, मग निष्कर्ष, नमुना घेतल्याची तारीख, आणि सगळ्यात शेवटी शेरा. ताई रक्त काढताना जे काही विचारायच्या ते त्या शेऱ्यात लिहायच्या. ओळ एवढी लांब की ती जुन्या चौकोनी मॉनिटरवर दोनदा मोडायची. मी लागलो त्या दिवशी ती स्क्रीन पाहिली आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मग मी कामाला लागलो. आधी नावं. देवनागरीत नावं लिहिली की काना-मात्रांमुळे रकाने सरकतात. कॉम्प्युटर एका अक्षराची जागा तीन अक्षरांची धरतो. म्हणून नावं रोमन केली. मग रंग. सिकलचं हिमोग्लोबिन अजिबात नसेल तर ओळ हिरवी, थोडं असेल तर पिवळी, भरपूर असेल तर लाल. आकडे वाचत बसायची गरजच नको. मग सगळ्यात महत्त्वाचं काम. फाइल पानापानानं दाखवणारा लेस नावाचा प्रोग्राम असतो. त्याला सांगता येतं की लांब ओळ मोडू नकोस, स्क्रीनच्या काठाशी काप. पुढचं पाहायचं असेल तर उजवा बाण दाबायचा. हे केलं आणि स्क्रीन एकदम स्वच्छ झाली, माणशी एक ओळ, वरून खाली सरळ रकाने. फक्त एक गोष्ट खुपत राहिली. जिथं ओळ कापली जायची तिथं अगदी काठाला लेस एक चिन्ह दाखवायचा, बाणाच्या टोकासारखं, की इथं अजून मजकूर आहे. प्रत्येक ओळीच्या शेवटी ते चिन्ह, वरून खाली सगळीकडे. मला वाटलं कपड्याची शिवण उसवून धागे लोंबताहेत. त्या प्रोग्रामच्या माहितीपत्रात शोधलं, ते चिन्ह बंद कसं करायचं ते सापडलं, आणि बंद करून टाकलं. ह्या सगळ्या सूचना एका सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिल्या. त्या फाइलचं नाव टिंबानं सुरू होतं, त्यामुळे ती एरवी यादीत दिसतही नाही. कॉम्प्युटर चालू झाला की आपोआप लागू होते.

डॉक्टर छिंदवाड्याकडचे, हिंदीच बोलतात. त्यांनी स्क्रीन पाहिली आणि म्हणाले, "ये हुई ना बात. अब कुछ समझ में आ रहा है." मी दोन दिवस फुशारक्या मारत फिरलो. ताईंनी मात्र विचारलं.

"माहा शेरा कुठी गेला भाऊ?"

"आहे ना. उजवा बाण दाबला का दिसते."

"दरवेळी दाबा लागन?"

"तुमाले कायले पाह्यजे स्क्रीनवर? छापल्यावर सगळं येते कागदावर. डॉक्टर कागदच पाह्यते."

ताई पुढचा नमुना घ्यायला गेल्या. आणि माझं म्हणणं चूकही नव्हतं. कागदावर अख्खी ओळ यायची, शेऱ्यासकट. डॉक्टर प्रत्येक कागद वाचून, आकडे पाहून, मगच सही करायचे. स्क्रीनवर फक्त मी पाहायचो, कोणाचा निकाल आला एवढं कळण्यापुरतं. उजवा बाण मी किती वेळा दाबला असेल हे आठवून पाहिलं आहे. आठवत नाही, म्हणजे दाबलाच नसेल.

पण सगळेच कागद निघत नसत. हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर विचित्र वाटेल. लग्नाची बोलणी चालू असताना सिकल निघालं तर लोक हळूच सांगत, भाऊ, कागद नको काढू. कागद निघाला की तो घरात राहतो, कपाटात सापडतो, पाहुण्यांच्या हाती लागतो, धाकट्या भावंडांच्या सोयरिकीच्या वेळी कोणीतरी काढून दाखवतं. आजार एकाला, डाग घराला. म्हणून बोलणी तोंडीच थांबवायची, कारण दुसरंच काहीतरी सांगायचं, आणि कागद जन्मालाच घालायचा नाही. ही लपवाछपवी नव्हती, निदान आम्ही तिला तसं मानत नव्हतो. समोरच्याची अब्रू राखणं मानत होतो. मी छपाईच्या यादीतून तो नंबर काढून टाकायचो. माणसं दोन्ही हात जोडून निघून जायची. मला बरं वाटायचं, आपण कोणाच्या तरी उपयोगी पडलो म्हणून.

बहीण माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. ती कॅरिअर आहे हे कॉलेजातल्या एका शिबिरातच कळलं होतं. त्याचं तिला काही वाटलं नाही, आईला मात्र फार वाटलं, कारण मामाचा मुलगा सिकलनंच गेला होता. अकरा वर्षांचा होता. शेवटी शेवटी त्याला पांघरुणाचा भारसुद्धा सोसायचा नाही. वडील गेल्यापासून आमच्या घरातलं सगळं मामाच पाहायचा, आणि बहिणीच्या स्थळांची पहिली चौकशी तो हीच करायचा. तीन स्थळं त्यानं नुसतं मुलाचं सिकलचं कार्ड पाहून परत पाठवली होती.

चौथं स्थळ सावरगावचं. जाम नदीच्या पलीकडचं, म्हणजे तसं गावातलंच. मुलगा बोरगावच्या एका कारखान्यात फिटर. आयटीआय केलेला, सावळा, बोलका, हसताना मान खाली घालणारा. विहारात पाहण्याचा कार्यक्रम झाला तेव्हा त्याच्या डाव्या कानावरचे केस अर्धवट वाढलेले होते आणि खाली टाके घातल्याची रेघ दिसत होती. त्याची आई म्हणाली, गोटमारीच्या दिवशी हा खेळायला नव्हता गेला, स्वतःच्या दारात उभा होता, कौलावरून दगड आला. आमची आई म्हणाली, आमच्या गल्लीतही तिघांना लागलं यंदा. एवढ्यावर तो विषय संपला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात, तीच ही गोटमार. त्या दिवशी दगड लागलेला माणूस आमच्या गावात कोणी निरखून पाहत नाही, दर चार घरांआड एकाच्या डोक्याला खोक असते. किती लागलं, कुठं नेलं, काय केलं, हे आम्ही कोणीही विचारलं नाही.

बहिणीला तो आवडला. ती तोंडानं म्हणाली नाही, पण शाळेत शिकवायला जाताना आरशासमोर जास्त वेळ थांबायला लागली, आणि मी चिडवलं की चिडायच्याऐवजी हसायची. फोन नंबरांची देवाणघेवाण झाली होती. त्या लोकांनी सिकलची तपासणी पूर्वी कधी केलेली नव्हती. मामा म्हणाला, "सौंसरलेच करा ना. आपला भासा हाये तिथं, आपल्या डोळ्यानं पाह्यन." मुलगा आईला घेऊन आला, ताईंनी रक्त घेतलं, मी त्यांना चहा पाजला. तो म्हणाला, दादा, रिपोर्ट चांगला आला तर पेढे, वाईट आला तर चहा वसूल. त्याच्या आईनं त्याला चापट मारली.

निकाल दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मी फाइल उघडली. वरून खाली हिरव्या ओळी, मध्ये एक पिवळी. ती त्याची होती.

मी आकडा पाहिला नाही. तो तिथंच होता, स्क्रीनवर, कापला गेलेला नव्हता. कॅरिअर माणसाच्या रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन तिसऱ्या हिश्शाच्या वर असतं. त्याचं जेमतेम आठ टक्के होतं. डॉक्टरांनी एका नजरेत ओळखलं असतं की काहीतरी वेगळं आहे. पण मी रंग लावले होते तेच मुळी आकडे वाचायला लागू नयेत म्हणून. पिवळं पाहिलं, आणि आईला फोन लावायला बाहेर पायऱ्यांवर गेलो.

आईनं मामाला सांगितलं. मामाचा फोन पंधरा मिनिटांत आला.

"पक्कं पाह्यलं ना तू?"

"पाह्यलं मामा. सोता पाह्यलं."

"मंग संपलं. आपल्या घरातला एक गेला, दुसरा नाई जाऊ देत मी. कागद नको काढू बाप्पा. पोरगा चांगला आहे, त्याच्या मागं दोन बहिनी आहे लग्नाच्या. त्याहिचं कायले वाईट करा."

मी यादीतून त्याचा नंबर काढला. मामानं सावरगावला जाऊन जयभीम केला, चहा घेतला, आणि मुलगी अजून बीएड करायचं म्हणते असं सांगितलं. त्यांनी रिपोर्टचं विचारलं तर म्हणाला, आता लग्नच करायचं नाही म्हणते तर रिपोर्टचं काय घेऊन बसता. त्यांना समजायचं ते समजलं. नकार आला की कारण विचारत बसायचं नाही, हीही आमच्याकडची रीतच. ती माणसं स्वाभिमानी होती. पुन्हा फोन आला नाही, रिपोर्टसाठीसुद्धा नाही.

ह्यात एक गोष्ट तेव्हाही माझ्या लक्षात यायला हवी होती. तो कॅरिअर आहे असं मी समजत होतो, आणि तरी ते त्याला सांगायची तसदी मी घेतली नाही. उद्या त्यानं दुसऱ्या कॅरिअर मुलीशी लग्न केलं असतं तर? अब्रू राखण्याच्या नादात मी एका माणसाला अंधारात सोडून दिलं होतं. मामानं नुसतं रक्त जुळत नाही एवढं जरी सांगितलं असतं, तर त्याची आई तिथल्या तिथं बोलली असती आणि सगळं उलगडलं असतं. पण आम्ही सगळे फार सभ्यपणे वागलो.

दोन दिवस बहिणीच्या शाळेच्या वह्या तशाच पडून होत्या. तिसऱ्या दिवशी ती त्या तपासायला बसली. मी म्हटलं, बरं झालं वेळेवर कळलं. ती हो म्हणाली.

पुढच्या वर्षी तिचं लग्न अमरावतीकडच्या एका माणसाशी झालं. त्याची तपासणी मीच लावली. हिरवी ओळ. तो कागद मी स्वतः छापला, डॉक्टरांची सही घेतली आणि मामाच्या हातात दिला. रक्त निर्मळ होतं त्याचं. बाकी माणूस कसा आहे हे सांगणारं मशीन आमच्याकडे नव्हतं. पहिल्या सहा महिन्यांत त्यानं तिचा फोन काढून घेतला. शाळेत नोकरी करते म्हटल्यावर, कोणासाठी जायचंय, असं विचारायचा. मुलगी झाल्यावर ते वाढलं. तिसऱ्या वर्षी त्यानं दाराच्या चौकटीवर तिचा हात आपटला, डाव्या मनगटाची दोन हाडं मोडली, आत सळई घालावी लागली. मी आणि मामा जाऊन तिला आणि मुलीला घेऊन आलो. तिथून घरापर्यंत ती मुलीच्या डोक्यावर उजवा हात ठेवून बसली होती. आता ती पांढुर्ण्यालाच एका शाळेत लहान वर्गांना शिकवते. डावखुरी आहे ती. फळ्यावर लिहिताना मध्येच थांबून हात खाली सोडते, असं तिच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईनं सांगितलं.

गेल्या उन्हाळ्यात लॅबमध्ये नवं मशीन आलं आणि त्याच्याबरोबर नवा कॉम्प्युटर. जुन्या फाइली नव्यावर न्यायच्या होत्या. नेल्या, आणि नीट आल्या का हे तपासायला एक-एक उघडून पाहायला लागलो. नव्या कॉम्प्युटरवर माझी सेटिंगची फाइल नव्हती. लेस उघडला तो मूळच्या स्वभावानं: रंग नाही, काठ कापलेले नाहीत, ओळी मोडून खाली आलेल्या. ती गिचमिड पाहून मी आधी चिडलोच. सेटिंग आणून लावावी म्हणून उठणार होतो. पण मोडून खाली आलेल्या तुकड्यांमध्ये शब्द दिसत होते, जे मी कधी पाहिले नव्हते. नमुना कमी आहे. गरोदर, पाचवा महिना. ताप आहे. ताई वर्षानुवर्षं हे सगळं लिहीत होत्या आणि मी ते काठावरून पाडत होतो. कागद निघालेल्यांचं ठीक होतं, डॉक्टरांनी वाचलेलं होतं. मग डोक्यात आलं की काही कागद निघालेलेच नाहीत.

ती तारीख मला शोधावी लागली नाही, पाठ होती. फाइल उघडली. त्याचं नाव, वय, सावरगाव, आकडे, आणि खालच्या ओळीत मोडून आलेला शेरा: दोन महिन्यांपूर्वी नागपूरला डोक्याचं ऑपरेशन, तीन बाटल्या रक्त दिलं, चार महिन्यांनी पुन्हा तपासणे.

रक्त दुसऱ्याचं होतं. तीन रक्तदात्यांपैकी एखादा कॅरिअर असला की त्याचं सिकल घेणाऱ्याच्या अंगात दोन-तीन महिने दिसतं. आठ टक्के म्हणजे तेच. बाटलीतून आलेलं, पुढं आपोआप नाहीसं होणारं. मला स्वतःची किळस आली, दुसरा शब्द सापडत नाही.

ताई नव्या मशीनपाशी होत्या. त्यांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा वर-खाली करून वाचलं.

"होय, मीच लिहलं. त्याच्या मायनं सांगतलं होतं सगळं, कोन्या दवाखान्यात, किती बाटल्या. काहून?"

"ह्याले परत बोलावलं होतं का?"

"डॉक्टरनं बोलावलं असन ना. मी लिहलं म्हटल्यावर…" मग त्या थांबल्या. सावरगावचं ते स्थळ माझ्या बहिणीसाठी होतं हे त्यांना माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "प्रिंट निकला नहीं, साइन हुआ नहीं, तो हमारे हिसाब से रिपोर्ट है ही नहीं. किसने बोला था मत निकालो?" मी म्हटलं, घरच्यांनी. "तो घरवालों को बोलो," असं म्हणून त्यांनी पुढचा कागद ओढला. निर्दय नव्हते ते. त्यांच्या बाजूनं दुसरं बोलण्यासारखं काही नव्हतं.

आईला सांगायचं धैर्य झालं नाही, मामाला तर नाहीच. मुलगा मेल्यावर ह्याच एका कामात त्यानं जीव ओतला होता. महिनाभर मी रोज बसमध्ये बसून ठरवायचो की आज बहिणीला सांगायचं, आणि घरी येऊन भाचीला खांद्यावर घेऊन चौकापर्यंत फिरवून आणायचो. सांगून काय होणार होतं? त्याचं लग्न झालेलं होतं, त्याला मुलगा होता, पांढुर्ण्याच्या बाजारात मी त्याला एकदा दुरून पाहिलंही होतं. न सांगितलं तर कोणालाच कळणार नव्हतं. शेरा कापून टाकणं आणि गप्प बसणं ह्यात काही फरक नाही, हे मला दिसत होतं, आणि तरी महिना गेला.

शेवटी एका रविवारी सकाळी सांगितलं. आई विहारात गेली होती. बहीण अंगणात मुलीचे केस विंचरत होती. मी सरळ सुरुवात केली, कारण वळणं घेत बोलायला लागलो असतो तर थांबलो असतो. रंग, काठ, चिन्ह बंद केलं ते, शेरा, तीन बाटल्या, सगळं. तो मुलगा कॅरिअर असल्याचा काहीच पुरावा नव्हता, बहुधा नसणारच, आणि तुझं लग्न माझ्यामुळं मोडलं, असं म्हटलं. भाची मध्येच पळाली. बहीण फणी हातात धरून बसली होती.

"दाखव मले," ती म्हणाली.

मी ती ओळ लॅपटॉपवर उतरवून आणली होती. उघडून दिली. तिनं ती वाचली, पुन्हा पहिल्यापासून वाचली. ती रडेल असं मला वाटत होतं, ओरडेल असंही वाटत होतं. दोन्हींची मी तयारी केली होती.

"रक्त चढवलं होतं हे मले माहीत होतं," ती म्हणाली.

मला कळेना ती काय म्हणते आहे.

"ज्या दिवशी रक्त देऊन गेला ना, त्या दिवशी संध्याकाळी फोन आलता त्याचा. म्हने, तुमच्या लॅबवाल्या बाईनं सगळं लिहून घेतलं. नागपूरचं, बाटल्याचं, सगळं. म्हने, रिपोर्टात काही उलटंसुलटं आलं तर घाबरू नको, चार महिन्यानं परत करू."

"मंग मामा नाई म्हने तवा बोलली काहून नाई?"

"बोलनार होती. आईपाशी गेली होती. आई म्हने, दादानं सोता पाह्यलं आहे कॉम्प्युटरवर. मी म्हटलं मंग दादानं बाटल्याचंही पाह्यलं असन. ते धरूनच सांगतलं असन." तिनं लॅपटॉप मिटला आणि माझ्याकडे सरकवला. "तरी एकदा तुले विचारा वाटलं होतं. दारापर्यंत आली होती तुया. मंग म्हटलं, दादा म्हनन, तुले काय समजते त्यातलं."

ती उठली, मनगट दुसऱ्या हातानं धरून, आणि मुलीला हाका मारत मागच्या दारी गेली. मी तिथंच बसलो. त्या दिवशी ती आत आली असती तर मी काय म्हटलं असतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी अगदी तेच म्हटलं असतं, आणि मान वर करूनसुद्धा पाहिलं नसतं.